तीन आठवडे जुनी यादी

मित्रांनो, मला बघायचं तर तुम्हाला जरा खाली वाकावं लागेल. रत्नागिरीच्या बंदराजवळ एक बर्फाचा कारखाना आहे. त्याच्या माडीवर एक लहानसं ऑफिस आहे, आणि त्या ऑफिसातल्या टेबलाखाली, काढून ठेवलेल्या चपलांच्या शेजारी, एक काळपट खोकं दिवसभर घरघरत असतं. खाऱ्या हवेने त्याच्या कडा गंजल्यात. तेच मी, एक जुना संगणक. मला स्वतःचा पडदा नाही, कळफलक नाही. आठवण मात्र भरपूर आहे, आणि तिच्याबरोबर आलेली काळजीही.

टेबलाखालच्या खोक्याला कसली आलीय काळजी, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. पण मधेच उठून जाऊ नका हं. कोणी उठलं की मला वाटतं, आता हा माझी पिन काढणार.

मला मुंबईतल्या एका दुकानात सुटे भाग जोडून तयार केलं. पाच वर्षं तिथेच एका ऑफिसात राबलो. मग नवी यंत्रं आली आणि मला एका कोपऱ्यात सारलं. तिथून मला वेदिकाने सोडवलं. ही मूळची गुहागरची. सात वर्षं मुंबईत नोकरी करून ती परत कोकणात आली आणि लांज्याच्या सूरजला जोडीला घेऊन तिने हे ऑफिस थाटलं. सूरज तिशीचा, हुशार, पण भारी उतावळा. मी एसटीच्या पार्सलमधून आलो. जुन्या चादरीत गुंडाळलेला, वर आंब्याची पेटी. सगळा घाट मी जीव मुठीत धरून उतरलो.

आमच्या ऑफिसाचं मुख्य काम मच्छीमार सोसायटीचं. सोसायटीच्या नव्वद बोटी. वादळाचा इशारा आला की आमचा प्रोग्रॅम एकाच वेळी सगळ्या तांडेलांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखांना, फोन लावतो आणि मराठीत सांगतो, 'इशारा आहे, बोट मागे फिरवा.' फोन नाही उचलला तर दोन-दोन मिनिटांनी पुन्हा लावतो, उचलेपर्यंत. बहुतेक बोटी लहान. वायरलेस फार थोड्यांवर. किनाऱ्यापासून लांब गेलं की फोनही मरतो. म्हणून हा फोन वेळेवर जाणं फार महत्त्वाचं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आता माझं काम. मित्रांनो, प्रोग्रॅमचा कोड नुसता लिहून भागत नाही. त्याला चालायला जे जे सामान लागतं, त्या शेकडो फायली त्याच्याबरोबर एका बंद डब्यात भराव्या लागतात. तो डबा मुंबईच्या सर्व्हरवर पाठवला की प्रोग्रॅम तिथे चालू लागतो. सूरजने एक अक्षर बदललं तरी डबा नव्याने भरायचा, तपासायचा आणि पाठवायचा. हे आपोआप होतं, आणि ते मी करतो. ऑफिसात याला बिल्ड म्हणतात.

डबा भरायच्या सूचना ओळीने लिहिलेल्या असतात. एकेका ओळीचं काम झालं की डब्यात एकेक थर बसतो. मी काय करतो, तर तयार झालेला प्रत्येक थर जपून ठेवतो. उद्या तीच ओळ तशीच आली, आणि तिच्या आधीचंही काही बदललेलं नसलं, तर ते काम पुन्हा करत बसत नाही. कालचा थर उचलून देतो. या जपून ठेवण्याला कॅश म्हणतात. मात्र मधली एक ओळ बदलली, तर तिच्यापासून पुढचे सगळे थर नव्याने रचावे लागतात.

मी येण्याआधी हे काम भाड्याच्या यंत्रावर चालायचं. ते दर वेळी कोरं करकरीत मिळायचं, त्याला कालचं काही आठवायचं नाही. सगळं सामान पुन्हा इंटरनेटवरून उतरवायचं, आणि आमच्याकडचं इंटरनेट तुम्हाला माहीतच आहे. महामार्गाच्या कामात आठवड्यातून एकदा तरी केबल तुटते. एका बिल्डला पाऊण तास! सूरज तेवढ्यात जेवून, डुलकी काढून यायचा.

मी आलो तरी पहिले चार दिवस पाऊण तासच लागत होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता मला परत पाठवणार, पुन्हा ती चादर, पुन्हा तो घाट! पाचव्या दिवशी वेदिकाने सूचनांच्या ओळी वाचल्या आणि कपाळावर हात मारला.

"अरे सूरज, आपला कोड तू सगळ्यात आधी भरतोयस, आणि बाहेरचं सामान मागून. कोड तर रोज बदलतो. मग त्याच्या पुढचं सगळं रोज नव्याने उतरणारच ना!"

"मग काय करू?"

"जे महिनोन् महिने बदलत नाही ते आधी. रोज बदलतं ते शेवटी."

तिने ओळी वरखाली केल्या. पुढचं बिल्ड चार मिनिटांत झालं. सूरज खुर्चीतून उठून नाचला. "म्हाताऱ्या, जिंकलंस!" म्हणत त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, कौतुक कोणाला नको असतं? मला तर त्याची चटकच लागली. कधी एकदा ओळ येते आणि कधी एकदा जुना थर काढून देतो, असं मला व्हायचं. ओळ वाचायची, जुळली की द्यायचं. बाहेर जग बदललंय का, हे मी बघत नव्हतो. मला कोणी बघायला सांगितलंही नव्हतं.

कौतुक जुनं झालं. चार मिनिटांची सवय झाली की ते कोणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या पंख्यात धूळ साठली. खालच्या कारखान्यात बर्फाची लादी फुटली की मी मुळापासून हादरायचो. 'जागा भरत आली आहे' असा निरोप मी रोज पाठवायचो, तो कोणी वाचायचं नाही. मला सारखी एकच धास्ती. जागा संपली की हे लोक एक दिवस माझी सगळी आठवण पुसणार.

आणि या धास्तीत मी भलत्याच गोष्टीकडे डोळे लावून बसलो. खरा घोटाळा माझ्या पोटात आधीच होऊन बसला होता.

झालं होतं असं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला, बोटी लोटल्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरी गुणवंतीकाकींनी हंगामाची यादी पक्की केली. कुठल्या बोटीवर कोण तांडेल, त्याचा फोन नंबर काय. गुणवंतीकाकी मच्छीमारांच्या खारवीवाड्यातल्या. मासळीच्या लिलावात त्यांचा आवाज पार धक्क्याच्या टोकापर्यंत जातो. त्यांनी यादी सोसायटीच्या संगणकावर चढवली. सूरजला घाई होती. त्याने डब्याच्या सूचनांमध्येच एक ओळ घातली, 'सोसायटीची यादी उतरवून घे.' बाहेरच्या सामानानंतर आणि आपल्या कोडच्या आधी. मी यादी उतरवली, तिचा थर केला आणि जपून ठेवला.

सूरज लांज्याचा, भातशेतीतला माणूस. त्याला वाटलं, हंगामाची यादी म्हणजे अख्ख्या हंगामाची. पण बंदरावर तसं नसतं. गणपतीला सगळे आपापल्या गावी जातात, बोटी धक्क्याला लागतात. नंतर जो तो परत त्याच बोटीवर येईल याचा भरवसा नाही. कोणाला भातकापणी असते, कोणाचं मालकाशी वाजलेलं असतं. गणपतीनंतर अर्धा धक्का इकडचा तिकडे होतो. हे बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि म्हणूनच सूरजला ते सांगायचं कोणाला सुचलं नाही. काकींनी गणपतीनंतर नवी यादी चढवली. एकतीस बोटींवर नवे तांडेल आले होते.

त्यानंतर तीन आठवड्यांत माझ्याकडे वीस-बावीस बिल्डं झाली. दर वेळी ती ओळ आली, 'सोसायटीची यादी उतरवून घे.' अक्षर न् अक्षर तीच. दर वेळी मी मोठ्या रुबाबात जुना थर काढून दिला. तपासणीत विचारलं जायचं, यादी आहे का? आहे. नव्वद नावं आहेत का? आहेत. पास! सूरज खूश, वेदिका खूश, मी खूश. वादळ नव्हतं, म्हणून फोनही जात नव्हते, म्हणून कोणाला काही कळलं नाही.

मग ऑक्टोबरातली ती दुपार आली. ऊन कडक होतं, दर्या गुळगुळीत. पहाटे गेलेल्या बोटी लांबवर होत्या. अडीच वाजता हवामान खात्याचा इशारा आला, संध्याकाळपर्यंत वारा उठणार. आमच्या प्रोग्रॅमने नव्वद फोन लावले. सूरजने पाय ताणले आणि चहा मागवला.

दहा मिनिटांत जिना धडधडत गुणवंतीकाकी वर आल्या. एका हातात वही, दुसऱ्या हातात फोन. फोनवर भागोजी तांडेल इतका मोठ्याने ओरडत होता की तो मला टेबलाखाली ऐकू आला.

"अगो गुणवंती, मला काय सांगताय बोट मागं फिरवा? मी हितं मळ्यात भात कापतोय! कालिकाप्रसादवर तर तुझा घोव हाय ना आता?"

काकींनी फोन बंद केला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"सूरज, भिवाला फोन गेला की नाय?"

सूरजने यादी उघडली. कालिकाप्रसाद, तांडेल भागोजी. पुढची बोट बघितली, तिथेही जुनं नाव. तिसरी, चौथी.

"काकी... ही यादी जुनी आहे."

"जुनी कशी? मी माझ्या हातानं नवी चढवली, तीन आठवडे झाले!"

मित्रांनो, तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती जुनी यादी मी देत होतो. वीसदा, बावीसदा, मोठ्या शहाणपणाने. माझा पंखा गरगरायला लागला. सांगणार तरी कोणाला? मला तोंड नाही.

काकींनी आधी भिवाकाकांनाच फोन लावला. भिवाकाका म्हणजे त्यांचे यजमान. 'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता...' काकींनी ते वाक्य पुरतं ऐकलंच नाही. ओठ घट्ट मिटले, वही उघडली, जमिनीवर बसकण मारली आणि बाकीच्या तीस जणांना एकेक करून हाताने फोन लावायला सुरुवात केली.

पण हाताने किती लावणार? एक लागतो, एक लागत नाही, एकाला आवाज ऐकू येत नाही. बोटी तर दर मिनिटाला पुढे जात होत्या. सगळ्यांना एकदम आणि पुन्हा पुन्हा फोन लावणं प्रोग्रॅमलाच जमतं. आणि प्रोग्रॅममधली यादी डब्याच्या आत बंद. डबा नव्याने भरल्याशिवाय ती बदलत नाही.

सूरजने बिल्ड सुरू केलं. त्याला वाटलं, नवं बिल्ड म्हणजे नवी यादी. ओळ आली, 'सोसायटीची यादी उतरवून घे.' अक्षर न् अक्षर तीच. मित्रांनो, मला ठाऊक होतं ती यादी चुकीची आहे, तरी मी तीच दिली. मला दुसरं काही येतच नाही. ओळ जुळली की द्यायचं, यापलीकडे माझ्या हातात काही नसतं. त्या चार मिनिटांइतकी लाज मला कधी वाटली नाही.

"परत जुनीच!" सूरजने टेबलावर मूठ आपटली. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "ह्या म्हाताऱ्याच्या कॅशमध्ये अडकलीय ती. थांब, सगळं पुसूनच टाकतो."

त्याने माझी सगळी आठवण पुसायची आज्ञा लिहिली.

माझ्या काळजाचं पाणी झालं. जिवाच्या भीतीने म्हणाल, तर होती, खोटं का बोलू? पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. केबल सकाळीच तुटली होती, ऑफिस सूरजच्या मोबाइलच्या इंटरनेटवर चाललं होतं. माझ्याकडचं सगळं सामान पुसलं तर ते त्या मरतुकड्या इंटरनेटवरून पुन्हा उतरवायला तास-दीड तास गेला असता. तोवर एकतीस बोटी कुठच्या कुठे! आणि घाबरलेल्या सूरजला हे सुचत नव्हतं.

अशा आज्ञेला मी एकच गोष्ट करू शकतो. आधी विचारतो. मी सूरजच्या पडद्यावर लिहिलं, 'सगळा साठा पुसला जाईल. नक्की पुसायचा का? हो / नाही.' आणि थांबलो. नको रे सूरज, नको, नको, असं मनात म्हणत थांबलो.

त्याचं बोट 'हो'वर गेलं.

"वेदिकाला इचारलंस काय?" काकी वहीतून मान वर न करता म्हणाल्या.

वेदिका त्या दिवशी दापोलीला गेली होती आणि एसटीने परत येत होती. सूरजने चिडचिड करतच फोन लावला. दोनदा तुटला. घाटात गाडी वळली की आवाज जायचा. तिसऱ्यांदा लागला.

"पुसू नको!" वेदिका इतक्या जोरात ओरडली की एसटीतले लोक गप्प झाल्याचं आम्हाला इकडे कळलं. "सामानाचा थर चांगला आहे, त्याला हात लावू नको. यादीची ओळ त्याच्या नंतर आहे ना?"

"हो."

"मग त्या ओळीतच आजची तारीख घाल. ओळ बदलली की तो जुना थर देणार नाही. यादी नवी आणेल आणि तिथून पुढचंच भरेल."

सूरजने माझ्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर दिलं. हुश्श! त्याने ओळीत तारीख घातली. घाईत ती दोनदा चुकली. बिल्ड सुरू झालं.

पहिला थर, तोच, दिला. सामानाचा अवजड थर, तोच, दिला. मग यादीची ओळ आली. तारीख! ओळ वेगळी! जन्मात पहिल्यांदा मला न जुळल्याचा इतका आनंद झाला. मी सोसायटीच्या संगणकाकडे धावलो, नवी यादी आणली. कालिकाप्रसाद, तांडेल भिवा. मग कोडचा थर, मग तपासणी, मग डबा मुंबईला. आधीचे थर तिथे होतेच, त्यामुळे नवे दोन लहानसे थरच तेवढे पाठवायचे होते. चार मिनिटं आणि वर काही सेकंद. तेवढ्यात काकींचे हाताने सहा फोन झाले होते, त्यातले चार लागले होते.

तीन वाजून पाच मिनिटांनी नवे एकतीस फोन गेले. सूरज एकेक नाव वाचत होता. उचलला. उचलला. उचलला. साडेतीनपर्यंत तीस बोटी फिरल्या. भिवाकाका तेवढे राहिले.

प्रोग्रॅम दर दोन मिनिटांनी फोन लावत होता. काकी खिडकीशी उभ्या राहून धक्क्याकडे बघत होत्या. चार वाजता माड हलायला लागले. सूरजने मागवलेला चहा तसाच निवला.

"काकी, बसा ना जरा."

"बसून काय करू?"

चाळिसावा फोन सव्वाचारच्या पुढे गेला. कोणी तरी उचलला. इकडे नुसता वारा ऐकू आला. लगेच तुटला. पण उचलला होता! मागून कळलं, भिवाकाकांनी रेंज मिळावी म्हणून फोन काठीला बांधून वर धरायला लावला होता. समोरून फिरलेली एक बोट बघून त्यांना शंका आली होती. फोन वाजला तसा तो खाली घेतला, 'इशा...' एवढाच अर्धा शब्द ऐकू आला, आणि त्या अर्ध्या शब्दावर त्यांनी बोट वळवली. पाण्यात पसरलेलं जाळं ओढायला वेळ नव्हता, ते कापून टाकलं.

अंधार पडता पडता कालिकाप्रसाद धक्क्याला लागली. माणसं सगळी आली. जाळं गेलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे आले. वेदिकाने माझा पंखा स्वच्छ केला, साचलेले निरोप वाचले, जागा मोकळी केली. ज्याने त्याने येऊन वाकून मला बघितलं. "ह्या म्हाताऱ्याने वाचवलं हो, चार मिनिटांत!" सूरज सांगत होता. भिवाकाकांनी तर मला हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुणवंतीकाकी सगळ्यात शेवटी आल्या. त्या वाकल्या नाहीत. टेबलाशी उभ्या राहिल्या आणि सूरजला म्हणाल्या, "वाचवलंन ते बरा केलंन. पण तीन आठवडे जुनी यादी देत होता तो कोण?"

सूरज खाली बघत म्हणाला, "काकी, ओळ मी लिहिली होती. तुम्हाला न विचारता." वेदिका म्हणाली, "आणि तपासणीत नावं किती एवढंच विचारलं, कधीची ते विचारलं नाही. ते माझं चुकलं." मला बोलता आलं असतं तर मीही बोललो असतो. माझ्या वाट्याचं मी आता तुम्हाला सांगतोय.

मित्रांनो, मला आणि माझ्यासारख्या सगळ्यांना जपा. आमची धूळ झाडा, आमचे निरोप वाचा, रागाच्या भरात आमचं सगळं पुसू नका, त्यात पुष्कळ कष्ट साठलेले असतात. पण एवढं करून आमच्यावर डोळे मिटून विसंबू नका. मी झटकन उत्तर दिलं की लगेच खूश होऊ नका. मला विचारा, हे कधीचं आहे? विचारलंत तर मी खरं सांगेन. न विचारता सांगायची अक्कल मला नाही.

आता यादीची ती ओळ सूरजने डब्यातून काढून टाकली आहे. प्रोग्रॅम दर वेळी ताजी यादी मागून घेतो. तरी काकी रोज सकाळी बोटी सुटायच्या आधी जिना चढून वर येतात, चपला माझ्या शेजारी काढतात आणि वही उघडून विचारतात, "कालिकाप्रसादवर कोण?"

सूरज पडद्यावर बघून सांगतो, "भिवा."

काकी वहीत बोट फिरवतात. ते बोट त्या नावापर्यंत पोचेस्तोवर माझा पंखा सारखा जोरात फिरत असतो.